रोशनीचं वायरिंग

सातपूर, नाशिक
११ नोव्हेंबर २००३

चि. दत्तू,
अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक आहे. थंडी पडायला लागली. तुला तर मनमाडला पहाटेच्या ड्यूटीवर कानटोपी लागत असेल. तुझी वहिनी तुझी आठवण काढते आणि मग तुझ्या हट्टीपणाचीही काढते.

फोनवरच बोललो असतो, पण रोशनीचं नाव काढलं की तू फोन आपटतोस. पत्र आपटता येत नाही, म्हणून हे. अक्षर माझं नाही हे तू ओळखलंच असशील, आणि कुणाचं आहे तेही. मी सांगतो, ती लिहिते. का, ते पुढे येईल.

तुझं म्हणणं मला कळलं. डिप्लोमा झाला, आता पोरीनं काकाच्या गॅरेजात हात काळे करत बसू नये, रविवारी येऊन तिला घरी नेणार. तुझी मुलगी आहे, मी आड येत नाही. फक्त नेण्याआधी ती इथे काय करत होती ते तरी ऐक.

माझी जुनी पेट्रोल जीप तुला माहीत आहे. घाट लागला की धापा टाकायची. तिला रॅलीत उतरवायची म्हणून कार्बोरेटर काढून फ्युएल इंजेक्शनचं किट बसवायला घेतलं. खोका उघडला तर वायरींचा हा गुंता! तुझ्या वहिनीनं विचारलं, "एवढ्या शेवया कशाला आणल्या?" मी डोक्याला हात लावून बसलो.

रोशनीनं आधी एकाही वायरीला हात लावला नाही. पत्र्याच्या तुकड्यावर रिलेचे स्विच आणि फ्यूज मांडले, काढले, परत मांडले. पंपाचा फ्यूज वेगळा, पंख्याचा वेगळा, इंजेक्शन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचा वेगळा. बॅटरीतून निघालेल्या वायरीला पहिला फ्यूज वीतभर अंतरावरच. मी म्हटलं, "अगं, आत डॅशबोर्डखाली दे ना, बदलायला सोपा." तर म्हणते, "काका, बॅटरी आणि फ्यूजच्या मधली वायर कुठे घासली तर तिला वाचवणारं कोण?" मी फ्यूज तिच्या हातात ठेवला. प्रत्येक जोड तिनं दाबला, ओढून बघितला, वर नळी चढवून गरम करून बसवली. गिऱ्हाइकं चहाचा कप हातात घेऊन बॉनेटमध्ये वाकायची आणि चहा निवून जायचा. मी आपला बाजूला उभा राहून फुगत होतो, जणू मीच केलंय.

(इथे ती थांबली. म्हणाली, "स्वतःचं कौतुक स्वतःच्या हातानं कसं लिहू?" मी म्हटलं, हेही लिही.)

भांडण झालं ते टाकीतून पेट्रोल ढकलणाऱ्या विजेच्या पंपावरून. आपल्याकडे बरेच जण त्याची वायर सरळ चावीला जोडतात. चावी चालू, पंप चालू. मलाही तेच हवं होतं, कारण मला घाटात जायची घाई. ही ऐकेना. तिचं म्हणणं, पंपाचा रिले कॉम्प्युटरच्या ताब्यात पाहिजे. इंजिन फिरतंय तोवर पंप चालेल. इंजिन थांबलं की चावी चालू असली तरी पंप बंद. मी चिडलो, "हे कुठल्या कॉलेजात शिकवलं?"

ती म्हणाली, "कॉलेजात नाही, पप्पांनी. लहानपणी रेल्वेचे सिग्नल दाखवायला न्यायचे तेव्हा सांगायचे, करंट जाऊ दे, तार तुटू दे, काही बिघडलं की सिग्नल लालच झाला पाहिजे."

दत्तू, तू हे तिला कधी सांगितलंस ते तुला आठवतही नसेल. तिनं ते जीपमध्ये उतरवलं.

आता इतका वेळ जे सांगायचं टाळतोय ते सांगतो. घाबरू नकोस. गेल्या आठवड्यात मी एकटाच जीप घेऊन पेठ रस्त्याला गेलो. गाडी काय पळाली म्हणून सांगू! सावळघाटात वळणावर शेळ्या आडव्या आल्या, मी स्टिअरिंग कापलं आणि गाडी कुशीवर पडली. इंजिन बंद, चावी मात्र चालूच. उजवा हात मोडलेला, मी पट्ट्यात लटकलेला, डावा हात काही केल्या चावीपर्यंत पोचेना. पेट्रोलची नळी जोडातून निसटलेली मला दिसत होती. पाड्यावरचे काळू आणि पुंजा धावत आले, तर पुंजाच्या तोंडात पेटलेली बिडी. मी ओरडलो, "बिडी फेक!" त्यानं घाबरून फेकली ती गाडीच्याच बाजूला.

काही झालं नाही. नळीखाली थोडी ओल, बस्स. पंप गप्प होता. माझं ऐकून चावीला जोडला असता, तर तो तेवढा वेळ पेट्रोल फवारत बसला असता आणि आज हे पत्र तुला वहिनीनं पाठवलं असतं.

मला बाहेर काढताना काळू म्हणाला, "दादा, नशीब लय चांगलं हाय तुमचं." मी म्हटलं, "नशीब नाय रे, पुतणी हाय."

हे लिहिताना तिनं पेन खाली ठेवलं. तिला रडू आलं, मलाही आलं. तेही लिही म्हटलं.

तिनं बॅग भरून ठेवली आहे. तू चल म्हणालास की निघेल, उलट बोलणार नाही. मला तेच बघवत नाही. या पोरीचं डोकं आणि हात असे बॅगेत भरून नेऊ नकोस रे.

रविवारी ये. पण आधी गॅरेजात ये. जीपचं छत चेपलंय, वायरिंग जसंच्या तसं आहे. तुझ्या सिग्नलवाल्या नजरेनं बघ, एकेक जोड ओढून बघ. एक जरी सैल निघाला तर खुशाल ने तिला. नाही निघाला, तर इथे राहू दे. मी थोरला असून धाकट्यापुढे हात पसरतोय. एकच पसरतोय, कारण दुसरा प्लॅस्टरमध्ये आहे.

तुझ्या लेकीनं राखलेला,
रावजीदादा