कुंभकर्णाचे डोळे

मंगळवार, १४ तारीख
वॉर्डाबाहेरचा बाक

प्रिय कुंभ्यास,

ताईचे अनेक आशीर्वाद. तुला ते कधी चालत नाहीत, तरी मुकाट्यानं घे.

घरी सगळं ठीक. तुझं चित्र जवळजवळ झालं. रामायणाच्या त्या जुन्या चित्रात राक्षस कुंभकर्णाच्या अंगावर हत्ती नाचवतात, कानाशी नगारे बडवतात. आपल्या चित्रात आई शिट्ट्या मारणारा कुकर घेऊन, मावशी मिक्सर घेऊन, शेजारचे काका भिंतीला ड्रिल मारतायत, पायाशी मी भरला तांब्या धरून. आणि मधोमध सोफ्यावर तू, पोट वर, एक मोजा गायब. गॅलरीवाल्या बाई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. "मॉडेल कोण हो?" म्हटलं, धाकटा भाऊ. पोज द्यायला बसवला की घोरायलाच लागतो.

तेव्हा घोरत तरी होतास. आता त्या यंत्राचाच काय तो आवाज.

स्कूटरचं मी लिहिणार नाही. डॉक्टरांनी झोपेचं औषध परवाच बंद केलं. "आता त्यानं आपणहून जागं व्हायला हवं. हाका मारा, मोठ्यानं बोला," म्हणाले. आणि आपली आई, जिच्या "उठतोस का पाणी ओतू?"नं अख्खी गल्ली उठायची, ती तुझ्या कानाशी नुसती कुजबुजते. मला तर तोंडच उघडू देत नाही. काल मला बाहेर ओढत नेलं. "कुंभकर्णाला अवेळी उठवला, म्हणून तो मेला. तूच काढलंयस ना ते? झोपू दे माझ्या लेकराला." चित्र तिनं भिंतीकडे तोंड करून ठेवलंय.

"अगं, गोष्ट आहे ती!" मी खेकसले खरी, पण मलाही भीती वाटते रे. फार वाटते. चित्रात तुझे डोळे अजून काढलेले नाहीत. मिटलेले काढायला हात धजत नाही, उघडे काढायलाही नाही. रोज ब्रश भिजवते आणि धुऊन ठेवते.

आत्ता आई चहाला गेलीय. नर्सबाईंना विचारलं, त्या म्हणाल्या, "खुशाल मारा हाका. झोपमोड झाली म्हणून तक्रार केलीच त्यानं, तर मीच नाचेन." तेव्हा हे पत्र मी आत येऊन, आईच्या आवाजात, शेवटपर्यंत वाचणार आहे. त्या कुंभकर्णाला लढाईवर धाडायला उठवलं होतं. तुला फक्त घरी यायचंय.

उठतोस का पाणी ओतू?

तुझी,
भरला तांब्या धरून ताटकळलेली,
ताई