वरून सगळं ठीक

१ फेब्रुवारी २००१. लक्ष्मीबाई नगर, दिल्ली.
कच्छच्या भूकंपानंतर विमानातून काढलेले फोटो आज ऑफिसात आले. चाळीस गावं. एकेक घर बघायचं आणि कॉम्प्युटरवरच्या नकाशात भरायचं: पडलं, तडे, ठीक. याच यादीवरून तंबू वाटणार. डायरेक्टरसाहेबांनी विचारलं, कब तक? म्हटलं, बुधवारपर्यंत, बिल्कुल. संकल्प: तोवर चहाला खाली उतरायचं नाही.

२ फेब्रुवारी. दुपारी ४.
चहाला दोनदाच उतरलो. थंडी फार आहे.
दोन फोटो शेजारी ठेवून स्टिरिओस्कोपच्या भिंगांतून पाहिलं की घरं उभी दिसतात म्हणे. मला एका गावाची दोन गावं दिसतात. ट्यूबलाइटचा दोष. नीला म्हणते, अहो, पन्नाशी आली, आता तरी चाळिशी लावा. बायका कुठला विषय कुठे नेतील! पेपर जरा लांब धरतो, इतकंच.

४ फेब्रुवारी, रविवार.
सुट्टी असून ऑफिसात. स्टिरिओस्कोप कपाटात ठेवून दिला. अनुभवी माणसाला एक फोटो पुरतो. ढिगारा दिसला, पडलं. छप्पर दिसलं, ठीक. एका दिवसात अकरा गावं! हेमांगी अजून तिसऱ्यातच. पुण्याहून आलेली नवी मुलगी. हुशार आहे, पण शंका फार.

५ फेब्रुवारी.
हेमांगी वडलासर गावाचा फोटो घेऊन आली. सर, १६३ छपरं दिसतात, पण सावली एकाचीही पडलेली नाही. म्हटलं, विमान भर बाराला गेलं असेल. म्हणाली, शेजारच्या बाभळीची पडलीय. आता बाभळीचं मी काय करू? नकाशा घरांचा आहे. १६३ ठीक.

७ फेब्रुवारी, बुधवार.
यादी वेळेत गेली. साहेब शाबाश म्हणाले. येताना सरोजिनी नगरहून हलव्यासाठी गाजरं आणली. निम्मी जून निघाली. मान अवघडली आहे.

१२ फेब्रुवारी.
पडताळणीला हेमांगीला कच्छला पाठवलं. तेवढीच डोक्याला शांतता.

१४ फेब्रुवारी.
वडलासरजवळच्या एसटीडी बूथवरून तिचा फोन. भिंती सगळ्या खाली बसल्यात. छपरं जशीच्या तशी जमिनीवर आहेत. तंबू एकही नाही, कारण यादीत गाव ठीक. लोक एकोणीस दिवस उघड्यावर. एक बाई तिला विचारत होती, आमची घरं कोणी पाहिली? सर, मी तुमचं नाव नाही सांगितलं, म्हणाली.
फोन ठेवला. कधी नव्हे इतकी लाज वाटली. उद्या साहेबांना सांगतो, सॉफ्टवेअरची गडबड.

१५ फेब्रुवारी.
साहेबांसमोर तोंड उघडलं आणि ‘मेरी गलती है’ निघालं. कसं कोण जाणे. त्यांनी यादी माझ्यापुढे सरकवली. ओरडले असते तर बरं झालं असतं.
दिवसभर एकेका घरापुढचं ‘ठीक’ काढून ‘पडलं’ भरलं. १६३ वेळा. चहा टेबलावरच निवला. पाच वाजता नवी यादी फॅक्स केली. चला, अजून उशीर झालेला नाही.

१६ फेब्रुवारी.
कच्छच्या मदत कार्यालयाचा फॅक्स आला. दुरुस्तीबद्दल आभार. तंबू परवाच संपले. पुढचे आले की कळवू.
लगेच हेमांगीचा फोन. सर, लोक विचारतायत, तंबू कधी?
म्हटलं, नकाशात आता सगळं बरोबर आहे.