प्रल्हादचं सुटलेलं प्यादं

शारजा, १४ नोव्हेंबर १९९७

आज शुक्रवार, सुट्टी. सकाळी कपडे धुतले, दुपारी डाळभात केला. वर्कशॉप बंद होतं.

तीर्थस्वरूप रामेश्वरदादांना सतीशचा नमस्कार. आईंच्या गुडघ्यांना थंडीत जपा. तुमचे दिवस कसे जात असतील ते विचारत नाही. मी बरा आहे (म्हणजे ड्युटीवर जातो).

प्रल्हाद गेला त्या सकाळी आमचा बुद्धिबळाचा डाव अर्धा राहिला होता, हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. बूट घालता घालता तो म्हणाला, "चाल तुझी. मी येईपर्यंत विचार कर." आला नाही. पट तसाच मांडलेला आहे. खोलीत टेबल एकच, त्यामुळे आम्ही जमिनीवर पेपर पसरून जेवतो. खिडकीतला एसी लावला की टेबल थरथरतं आणि माझा राजा घरातून सरकतो (प्रल्हादचा सरकत नाही), म्हणून मी एसी बंद ठेवायचो. ऑक्टोबरात. त्यावर आमच्या खोलीतला तिसरा, चिपळूणचा कमरुद्दीन, जे बोलला ते वडीलधाऱ्यांना लिहिण्यासारखं नाही. पण तोही प्रल्हादच्याच बाजूचा. माझ्याकडे राजा आणि कोपऱ्यात फसलेला घोडा. प्रल्हादचं एक प्यादं सुटलेलं, वाटेत अडवायला कुणी नाही, जायची दोनच घरं राहिलेली. परवा कामावरून आलो तर एकच राहिलेलं. कमरुद्दीनला विचारलं, तर मलाच म्हणतो, "सतीशभाऊ, तो नाय म्हणून त्याची चाल पण नाय काय? तुला विचाराला एवढे दिवस दिले ना? खलास!" मीही रागाच्या भरात माझा राजा हलवला. माणूस गेला तरी खोलीत त्याच्या विरुद्ध खेळणारा मी एकटाच, आणि मीच मागे पळतोय.

आता चाल प्रल्हादची. प्यादं घोड्याच्या पट्टीत आहे, पुढचं शेवटचं घर घोड्याचं. तुमच्याकडे प्यादं ज्या घरात पोचतं त्या घराचाच मोहरा होतो, म्हणजे तो घोडा घेणार, आणि घोड्यानं काही मला मात बसत नाही. मी कितीदा सांगितलं, अरे, बाहेर सगळीकडे हवा तो मोहरा घेतात, वजीर घे. ऐकायचा नाही. "दादानं असं शिकवलं नाही." तेव्हा डाव बरोबरीत सुटला असं समजतो. मला तेवढं पुरे आहे. पट आवरतो आणि गावाकडे येणाऱ्या कुणाबरोबर पाठवून देतो.

आपला,
सतीश

ता. क. पट इतक्यात पाठवत नाही.

आणखी एक. दादा, या एका डावापुरती त्याला वजीर घ्यायची परवानगी द्याल का? माझं ऐकलं नाही, तुमचं ऐकेल. फोन करू नका, मला बोलता येणार नाही. दोन ओळी लिहा, पुरे.

कमरुद्दीन बाजारात गेला आहे. आता टेबल पुसून घेतो, पटाच्या कडेकडेनं.