पळणारा कोळी

बाबा, तू जाऊन इतकी वर्षं झाली की राग यायलाच नको. पण आज मला आनंद झालाय, नि तो तुझ्या नाकावर टिच्चून झालाय, म्हणून लिहिते. अक्षर चौथीतलंच आहे. तूच शाळा सोडवलीस, तर आता वाच.

माझी नात शेतकी कॉलेजात जाते. काल सुकापूरच्या घरी, गॅलरीतल्या वांग्याचं पान तिनं भिंगाखाली धरलं नि म्हणाली, "आजी, हे ठिपक्याएवढे कोळी बघ." आठवतं, नेऱ्याच्या मळ्यात वांग्याची पानं पिवळी पडून जाळी धरायची? तू पान उलटून त्यावर तोंडाची गरम वाफ सोडायचास, ठिपके हलायचे. "बघ पोरी, पळतंय ना, तोच चोर." मग गंधकाची भुकटी. मासे विकायला येणाऱ्या कोळणीचा मुलगा मला आवडला, तेव्हाही हातात तीच भुकटी. म्हणालास, "पानावरचा कोळी नि दारातला कोळी, दोघंय घर खातात." मी त्याच्यासंगं पळून गेले, मग मीच चोर. पुढं तान्ह्या लेकीला घेऊन आले, तर ओटीवरून उठला नाहीस. आईला म्हणालास, "दार लाव, कीड शिरंल."

तर आता ऐक, तुला कुठं जायचंय. पानावर कोळी दोन जातींचे असतात. अंड्यातून निघताना दोघांनाही सहाच पाय, कात टाकली की आठ. तिथवर सारखे. मग एक जाळं विणून बसल्या जागी पानाचा रस ओढतो, नि त्याची मादी अंडी घालते ती ढिगानं. दुसऱ्याची अंडी थोडी, पण पिल्लं झपाट्यानं मोठी होतात नि त्या पहिल्याला अंड्यांसकट खातात. त्यांनाच शोधत तो पानभर पळतो. "औषध मारलं की हा राखणदार आधी मरतो," नात म्हणाली, "नि खाणारा पुन्हा बोकाळतो."

मी हसले ती चष्मा पडेस्तोवर. जन्मभर राखणदार मारलास, बाबा. आणि पनवेलच्या बाजारात सांगत फिरायचास की पोरीच्या लग्नानं मळा जळला.

आता हे पाठवू कुठं? तुझ्या घराच्या जागी कुणाचं तरी फार्महाऊस आहे. राहील तांदळाच्या डब्यात. एक मात्र झालं. पानावर वाफ सोडून बघायचं मीच नातीला दाखवलं. तिनं विचारलं, "आजी, हे कुणी शिकवलं गं?" मी म्हणाले, "तुझ्या आजोबांनी." खोटंच. माझ्या नवऱ्याला होडीपलीकडचं काही ठाऊक नव्हतं. वांगं आवडीनं खायचा, झाड मात्र ओळखायचा नाही.