उतारावर लावलेला टँकर

जत, १६ मार्च १९९४

तीर्थरूप आबांस, नात रेश्माचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

आठवा महिना लागला. पिंकीच्या वेळी औंधला होते, ही खेप सासरची. सासूबाई जपतात, पण यांनी महिनाभर घरात पाठ टेकलेली नाही. पाण्याचा टँकर वरच्या चढावर लावून केबिनमध्येच झोपतात. विचारलं तर गाडीची राखण म्हणतात. शेजारच्या बनुबाईंनी परवा हसत विचारलं, की नवरा गाडीला दिलास काय गं. आबा, दिवसाकाठी दोन शब्द मिळत नाहीत मला. पाडवा झाला की पिंकीला घेऊन एस.टी.नं येते. परत जाणार नाही. तुमची माया तेवढी पाठीशी राहू द्या.

तुमची,
रेश्मा

औंध, २१ मार्च

चि. मानसिंगराव यांस नाथाजी मास्तरांचे आशीर्वाद.

रेश्माच्या हाती पडू नये म्हणून पत्र मुद्दाम तुमच्या टँकरच्या गॅरेजच्या पत्त्यावर टाकतो. उभा जन्म मी पोरांकडून कविता चालीवर म्हणवून घेतल्या. रेश्माची आजी चुलीपुढं ऐकत बसायची आणि भाकरी करपवायची. काय दिवस होते ते. बाईमाणसाला शब्दाची भूक असते, जावईबापू. अवघडलेल्या बायकोला सोडून तुम्ही गाडीत का झोपता, याचं सरळ उत्तर द्या. पोर घर सोडायला निघाली आहे.

रागावलो तरी तुमचाच,
नाथाजी

जत, २७ मार्च

आबांस मानसिंगचा नमस्कार.

मला तुमच्यावानी लिवाय येत न्हाई. आमची थोरली वहिनी बाळंतपणात गेली. जीप दारात हुती, पर चालू झाली न्हाई. ढकलाय माणसं गोळा करस्तवर लय उशीर झाला. ह्या टँकरची बॅटरी बी तसलीच हाय, मालक बदलत न्हाई. उतारावर लावली की ब्रेक सोडल्यावर गडगडत चालू हुती, ढकलाय माणसं लागत न्हाईत. चाकाला दगड हाय, पर सरकला तर खाली वस्ती, म्हणून गाडी सोडवत न्हाई. तिथनं आमचं दार दिसतंय. रेश्माला सांगू नगा. असलं तोंडातनं काढलं की घडतंय.

तुमचा,
मानसिंग

औंध, १ एप्रिल

चि. सौ. रेश्मास अनेक आशीर्वाद.

मानसिंगराव सांगू नका म्हणाले, तरी त्यांचं पत्र सोबत घातलं आहे. वाच. मला आजवर वाटायचं, जे चालीवर म्हणता येत नाही ते प्रेम कसलं. आता या वयात काय म्हणू? पण याच्यानं तुझं दुःख खोटं ठरत नाही, बाळ. यायचंच असेल तर कळव, मीच न्यायला येतो. एकटी एस.टी.त बसू नकोस.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून,
आबा

जत, ७ एप्रिल

तीर्थरूप आबांस नमस्कार.

आधी रडले, मग राग आला. जाऊबाई कशा गेल्या हे या घरात मला कुणी सांगितलं नव्हतं. तो राग अजून आहे. तरी पाडव्यानंतर येत नाही, इथंच राहते.

काल दिवेलागणीला डबा घेऊन चढावर गेले. केबिनमध्ये शेजारी बसले आणि म्हटलं, मला मरायची भीती वाटते, तुम्हाला वाटते का. त्यांनी झटकन माझ्या तोंडावर हात ठेवला. मी तो बाजूला केला आणि पुन्हा तेच विचारलं.

या वेळी व्हय म्हणाले.

माया आहेच, तशीच राहो.

तुमची,
रेश्मा