आण्णांचा भाता

आण्णा, तुमची विहीर अजून आहे. मधी दोन उन्हाळे कोरडी पडली होती, मग भावानं गाळ काढला, आडवे बोअर मारले, आणि आता चैत्रातसुद्धा तिच्यात पाच परस पाणी असतं. पाच माणसं एकाच्या डोक्यावर एक उभी केली तरी सगळ्यात वरच्याची शेंडी भिजेल एवढं. गावी गेले की मी तिकडं जात नाही. चहासुद्धा विहिरीकडं पाठ करून पिते. पण तुमची नात, भावाची थोरली, जी तुम्ही गेलात तेव्हा जन्मलीही नव्हती, ती यंदा तळ आणायला लागली आहे. सूर मारते, काळ्या पाण्यात दिसेनाशी होते, आणि वर येते तेव्हा तिच्या मुठीत तळाचा गाळ असतो. काठावरची माणसं ओरडतात, "आज्यावर गेली रे, आज्यावर गेली!" आणि आमची माय, आण्णा, पदर तोंडाला लावून हसते. इतक्या वर्षांनी मायला मी असं हसताना बघितलं आणि मला ते बघवेना.

कारण उतरण्याआधी ती पोरगी तुमचा भाता मारते. हुबेहूब. मला अजून दिसतं, तुम्ही पायरीवर कमरेएवढ्या पाण्यात उभे आहात, डोळे मिटलेले, आणि लोहाराच्या भात्यासारखे भराभर श्वास ओढताय नि सोडताय. मी वरच्या पायरीवर बसले आहे, पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधलेला. माय भाकरीचं गाठोडं मांडीवर घेऊन काठावर. मग तुम्ही एकदम छाती भरून घेता आणि खाली जाता, आणि पाणी तुमच्यावर असं मिटतं की कुणी तिथं होतं हेच खरं वाटेना. आम्ही थांबतोय, थांबतोय. बाभळीवर होला घुमतोय. आणि तुम्ही वर येता ते धाप न लागता, हसत, मूठ उघडून गाळ दाखवत. एकदा मी भाता न मारताच बुडी मारली आणि नाकातोंडात पाणी जाऊन खोकत वर आले, तर सगळ्यांदेखत मला झापलंत, "अक्कल गहाण ठिवली का गं? भाता मारल्याबिगर उतरायचं न्हाई म्हणलं ना!" मी रडत विचारलं, तुम्हाला भीती न्हाई वाटत का. तुम्ही म्हणालात, "कशाची भीती? दम सोता सांगतोय की कवा वर यायचं ते. आपुन फकस्त आयकायचं." वा रे वा. आख्ख्या पंचक्रोशीला तुम्ही हेच शिकवलंत.

ज्या दिवशी तुम्ही गेलात, त्या दिवशी मोटारीच्या पाइपाच्या टोकाचा फुटवॉल गाळात रुतला होता. तुम्ही एकदा उतरलात, तो हलला. पुन्हा उतरलात, निम्मा निघाला. तिसऱ्या वेळी भाता जरा जास्तच मारलात, असं माय सांगते. मी शाळेत होते. मायनं तुम्हाला वर येताना बघितलं. तुमचे केस पाण्याखाली हातभरावर आले होते, आता डोकं निघणार म्हणून तिनं टॉवेल पुढं केला, आणि केस तिथंच थांबले, आणि हळूहळू परत खाली गेले. झटापट नाही, हात मारणं नाही, बुडबुडा नाही. ज्या माणसाला पाण्यात कुणी हरवलं नव्हतं तो हातभर पाण्याखाली बुडतोच कसा? गावानं एका दिवसात उत्तर काढलं, आसरांनी, पाण्यातल्या सात बायांनी नेलं. मायनं ते धरून ठेवलं. विहिरीच्या कडेच्या त्यांच्या सात दगडांना ती अजून हळद-कुंकू वाहते, आणि वाहता वाहता शिव्याही देते, अशी भक्ती मी दुसरीकडं कुठं बघितली नाही. पण रात्री अंथरुणावर पडलं की म्हणायची, "नेलं तर नेलं, पण फुलावानी नेलं. आसरा नेत्यात त्याला कळत बी न्हाई." एवढ्या एका वाक्यावर तिनं आम्हा दोघांना वाढवलं.

मी प्राणिशास्त्र शिकले ते तुमच्यामुळं का तुमच्यावरच्या रागामुळं, मला अजून सांगता येत नाही. नांदेडच्या कॉलेजात शिकवते, आणि नाद धरला तो पाण्यात दम कोंडून राहणाऱ्या जनावरांचा, सील आणि पेंग्विनांचा. मायला कळलं तेव्हा म्हणाली, "आपल्याकडं नळाला पाणी न्हाई आन् ही पाण्यातल्या जनावरांची मास्तरीण!" पण मग एका मोहिमेबरोबर मला दक्षिण ध्रुवाकडच्या बर्फावर एक उन्हाळा काढायला मिळाला. तिथं समुद्र बर्फाखाली असतो, आण्णा. पायाखाली जमीन आहे असं वाटतं आणि खाली नुसतं काळं पाणी. त्या बर्फाला रांजणाच्या तोंडाएवढं एक भोक होतं, आणि आम्ही त्याच्याभोवती गुडघे टेकून बसलो होतो. लई वेळ काहीच नाही. मग पाणी फुगलं, मिशांचं एक डोकं वर आलं आणि भसकन श्वास सोडला. मला हुंदका आला. बरोबरच्यांना वाटलं, थंडीनं डोळ्यांत पाणी आलं.

तो सील ते भोक दातांनी घासून उघडं ठेवतो. रोज बर्फ धरतो, रोज हा घासतो. वय झालं की दात झिजतात, भोक बुजतं, आणि मग एवढा पाण्यातला राजा पाण्यातच गुदमरून मरतो. पण दात आहेत तोवर त्याच्याएवढं बिनघोर जनावर नाही. बुडी मारण्याआधी तो श्वास घेऊन ठेवत नाही, सोडून देतो. त्याचा साठा छातीत नसतोच, रक्तात आणि मांसात असतो; मांस इतकं गडद की काळंजांभळं दिसतं. खाली गेला की काळीज सावकाश चालतं, हातापायांचं रक्त आखडतं, मेंदूला तेवढं पुरवलं जातं. पेंग्विनाची तऱ्हा वेगळी. तो हवा भरूनच उतरतो, पण किती खोल जायचं ते काठावरच ठरवतो म्हणे, आणि तेवढीच घेतो, जास्त नाही कमी नाही. आणि आता सीलांबद्दल असंही दिसायला लागलंय की रक्तात प्राणवायू किती उरला ते त्यांना आतून जाणवतं. सरत आला की आपोआप वर वळतात.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून गॅलरीत जाऊन उभी राहिले. कारण माणसाला ते जाणवत नाही, आण्णा. प्राणवायू संपत आला हे माणसाच्या अंगाला कळतच नाही. छातीत जी कळ उठते, वर चल वर चल म्हणून ओरडते, ती आत साठलेल्या खराब हवेची, कार्बन डायऑक्साइडची असते. आणि भाता मारून तुम्ही बाहेर काढत होतात ती नेमकी तीच हवा. प्राणवायू काही त्यानं जास्त भरत नाही. म्हणजे शेताला राखण बसवायची आणि पेरणी झाल्याबरोबर राखणदाराला घरी धाडून द्यायचं, असला तुमचा उद्योग. दम सांगतो म्हणालात ना? तुम्ही त्याचं तोंडच दाबून उतरत होतात. खाली पाण्याच्या दाबात उरलासुरला प्राणवायू पुरतो, आणि वर येताना, दाब उतरला की, शेवटच्या हातभरात दिवा विझावा तशी शुद्ध जाते. दुखत नाही, गुदमरत नाही. आधी काहीच कळत नाही. मायनं तेच बघितलं होतं. तिच्या आसरांची गोष्ट खऱ्याच्या किती जवळ होती बघा.

तर यंदाच्या उन्हाळ्यात मी निलंग्याला गाडी बदलून गावी पोचले, तर माय काठावर उभी राहून नातीला सांगत होती, "आजून मार गं, आजून. तुझा आज्या याच्या दुप्पट मारायचा." मी पोरीला ओढत घरी आणली. लातुरात डॉक्टरकीच्या परीक्षेचा क्लास करते ती, अकरावी झाली, डोकं तल्लख. मी तिला सगळं समजावलं, रक्त, फुप्फुस, सील, पेंग्विन. आण्णा, तिला ते पाठ होतं! श्वास घ्यावासा का वाटतो, तर कार्बन डायऑक्साइडमुळं, उत्तर बरोबर, पैकीच्या पैकी. आणि दुपारी टॉवेल खांद्यावर टाकून परत निघाली. मी दारात आडवी झाले तर हसून म्हणाली, "आत्या, ते पुस्तकातलं हाय गं. मला कळतंय की माझा दम." मग आवाज बारीक करून म्हणाली, "आन् खरं सांगू? खाली लई भारी वाटतंय. आधी छातीत दुखायचं, आता ते बी न्हाई. नुसतं शांत. वर यावंसंच वाटत न्हाई."

तिचा राखणदार घरी गेला होता. म्हणजे ती कुठवर पोचली होती ते मला कळलं, तिला नाही. शास्त्र सांगून झालं होतं. विहिरीला जाळी बसव म्हणून भावाच्या मागं लागले तर तो म्हणाला, "बघू, सुगी झाल्यावर." आणि तिला ओढणारी गोष्ट तीच होती, शांतता. तिला खरं सांगायचं म्हणजे काय सांगणार होते मी? की तुझे आजोबा असेच शांततेत गेले? अशानं कुणी थांबतं का?

मग मी तिचे दंड धरले आणि म्हणाले, तुझे आजोबा कसे मेले ते सांगते, बस. आणि सांगितलं. की तुमची नखं दगडावर घासून उलटली होती. बोटांची सालटं निघाली होती. डोळे सताड उघडे, तोंडात गाळ गेलेला, वर यायला माणूस किती धडपडला ते सगळ्या अंगावर दिसत होतं. शुद्धीत होते ते, म्हणाले मी, शेवटपर्यंत शुद्धीत, आणि हाका मारत होते, पाण्यात हाक ऐकू येत नाही. कुठून सुचलं मला, कोण जाणे. तुमचे हात मी स्वतः बघितले होते, आण्णा. नखांत थोडा गाळ, बाकी काही नाही. तोंड मिटलेलं. झोपेतून उठवलं तर रागवाल असा चेहरा. पण मी सांगतच गेले, आणि पोरगी पांढरी पडत गेली, आणि शेवटी तिनं माझ्या कुशीत तोंड खुपसलं. मला वाटलं, जमलं. मी मान वर केली तर स्वयंपाकघराच्या दारात माय उभी होती, दोन्ही हात पिठानं भरलेले.

ती आत जाऊन भाकरी थापत बसली. त्या दिवसापासून पोरगी विहिरीवर गेलेली नाही, पोहण्याचं नावही काढत नाही. जीव वाचला म्हणायचं, निदान यंदापुरता. आणि मायनं त्या दगडांना हळद वाहायचं सोडलं. भाऊ फोनवर सांगतो, रात्री उठून बसते, विचारलं तर म्हणते, गरम होतंय. तिला मी एका वाक्यात मोकळी करू शकते. पण मायला तुम्ही ओळखता, तिच्या पोटात तीळ भिजत नाही. सकाळी तिला सांगितलं तर संध्याकाळच्या आत ती नातीला कवटाळून सांगणार, बाई गं, तुझ्या आज्याला काही झालंच न्हाई, फुलावानी गेले. आणि पोरगी उद्या काठावर. म्हणून तुम्हाला लिहिते आहे. ऐकून कुणाला सांगणार नाही असं आपल्या घरातलं माणूस आता तुम्हीच. लिहून झालं की फाडून टाकेन. तुमचा लई राग येतो, आण्णा, आणि तुम्ही कळ न सोसता गेलात याचं जे सुख आहे ते मला एकटीला खावं लागतंय, ते घशाखाली उतरत नाही.

निघायच्या दिवशी दोघी मला फाट्यावर सोडायला आल्या. गाडी दिसली तशी मायनं माझं मनगट धरलं. म्हणाली, "येकच सांग. लई येळ लागला का गं त्यास्नी?" पोरगी माझी पिशवी घेऊन तिला खेटून उभी होती, माझ्या तोंडाकडं बघत. मी म्हणाले, "हाव, माय. लई येळ."