दीडशे लिटर समुद्र

विश्रांतवाडी, पुणे
१२ फेब्रुवारी २०२५

चि. अक्षता हिस,

बाबांचा जयभीम आणि आशीर्वाद. पत्राला उशीर झाला, त्याची आधी माफी मागतो. सहा वर्षांना उशीर म्हणतात का, ते मला कळत नाही. जावईबापू दत्तप्रसादरावांनाही जयभीम सांग. देवगडला थंडी आहे का? पत्ता तुझ्या जुन्या पाकिटावरचा घातला आहे. घर बदललं असेल तर पोस्टमन शोधेल का, ही काळजी आहेच. माझं शिक्षण चौथीपर्यंत, चुकलंमाकलं समजून घे.

तुझ्या आईला दिवाळीनंतर पॅरालिसिसचा झटका आला. घाबरू नकोस. बोलणं परत आलंय, पण उजवा हात आणि पाय उचलत नाही. डॉक्टरांनी लांबचा प्रवास बंद केला आहे. व्यायाम करून घ्यायला एक मुलगी येते, तिला आई म्हणाली, "जन्मात समुद्र पाहिला नाही, आता काय बघणार!" मी स्वयंपाकघरात मेथी निवडत होतो. ऐकलं.

म्हणून तिच्या खाटेसमोर खाऱ्या पाण्यातल्या माशांची टाकी बसवायचं मनात घेतलं. नारायण पेठेत एक दुकान आहे. मी विचारलं, दीडशे लिटरला खडे मीठ किती घालू? दुकानदाराने चष्म्यावरून पाहिलं. "आजोबा, मासे पाळायचेत की लोणचं घालायचंय?"

मग त्याने खर्च सांगितला. स्टँडसकट टाकी नऊ हजार. वेगळं मीठ येतं, त्याची बादली साडेचार हजार. समुद्रातले दगड चार हजार, दिवा साडेतीन. लाटा करणारा पंप, गाळणी, पाणी तपासायच्या बाटल्या धरून एकतीस हजार पाचशे. त्यात मासे फक्त दोन, बाराशेचे! उन्हाळ्यात पाणी गार ठेवायचं यंत्र वेगळं, अठ्ठावीस हजार. ते मी खोडलं. बर्फाच्या बाटल्या सोडीन. आणि मासे लगेच सोडायचे नाहीत म्हणे, दीड महिना नुसतं पाणी फिरवत ठेवायचं. मी म्हटलं, एवढा वेळ आहे कुणाकडे? तो म्हणाला, "घाई असेल तर माशांचं कॅलेंडर लावा."

दोन हजार आगाऊ देऊन आलो. त्या दिवसापासून झोप नाही. लाइट गेली तर पंप बंद. दुसऱ्या मजल्याच्या फरशीला पाणी आणि दगड मिळून दोनशे किलो पेलतील का? महापालिकेच्या पाणीखात्यात तीस वर्षं चाव्या फिरवल्या, पाण्याचं वजन मला माहीत आहे.

मिठाचे साडेचार हजार वाचावेत म्हणून तुला पत्र लिहिलं होतं. होडीने आत जाऊन स्वच्छ पाण्याचे आठ कॅन भर आणि पुण्याला येणाऱ्या आंब्याच्या टेम्पोत टाक, असं. रविवारी खर्चाचा कागद आईला वाचून दाखवला आणि ते पत्र फाडून टाकलं.

कागद ऐकून ती म्हणाली, "पोरगी समुद्रावर राहते. सहा वर्षांत तिने एकदा 'ये' म्हटलं नाही. आणि तुम्ही मला काचेतला समुद्र दाखवणार? नको मला."

अक्षता, तू बोलावलं होतंस. बाळंतपणाला आईला पाठवा, म्हणून लिहिलं होतंस. ते पत्र मी तिला दाखवलंच नाही. कायमची सरकारी नोकरी सोडून तू मासळीच्या धंद्यात गेलीस, त्याचा राग डोक्यात होता. आईला सांगितलं, पोरीला आपण नकोत. घरात मोबाइल एकच, माझा. तुझे फोन घेतले नाहीत, मग नंबरच बदलला. तुला वाटलं असेल, आईच आली नाही. तुला दिवस गेल्याचं तिला आधीच कळलं होतं, ती गोधडी शिवत बसली होती, बाळाची. ती तिने शेजारच्या सोनालीच्या मुलाला दिली.

रविवारी हे सगळं तिला सांगितलं. तिने एवढंच विचारलं,

"तिचं पत्र फेकलंत का?"

"नाही. पेन्शनच्या फायलीत आहे."

"वाचा."

वाचलं. पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाली, "मुलगा झाला की मुलगी?"

मलाच माहीत नाही.

तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते. औषधसुद्धा सोनालीच्या हातून घेते. टाकीचं नाव काढलं की मान भिंतीकडे वळवते. चाळीस वर्षांत तिने असं कधी केलं नाही. तिला दुसरा झटका येईल का, ही धास्ती आहे. आला तर तुझी भेट राहील, ते माझ्यामुळे राहील.

पाण्याचे कॅन पाठवू नकोस. येता आलं तर लेकराला घेऊन ये. मी घरात नको असेन तर तेवढे दिवस विहारात झोपेन, तिथे ओळख आहे. येणं जमत नसेल तर दोन ओळी लिही, पण लवकर लिही. पाकिटावर माझं नाव नको, विजयमाला दशरथ कांबळे असं आईचं घाल. सोनाली तिला वाचून दाखवेल. मी ते पाकीट फोडणार नाही.

तुझा बाप,
दशरथ